ओकायामाला आई-बाबा येणार असतील तर

तू जपानमध्ये ओकायामाला शिकतेस आणि आई-बाबा भारतातून भेटायला येणार असतील, तर तिकीट काढण्याआधी तारखा बघ. आपल्याकडे सुट्टी म्हणजे एप्रिल-मे, आणि इथे नेमकं एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होतं. महिना संपता संपता गोल्डन वीक, म्हणजे लागून आलेल्या सुट्ट्यांचा आठवडा लागतो, सगळा जपान घराबाहेर पडतो आणि हॉटेलचे भाव ऐकून बाबा म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. ऑगस्टच्या मध्यात ओबोनच्या सणाला तीच गर्दी, वर जीव नकोसा करणारा उकाडा. मला विचारशील तर मार्चचा शेवटचा आठवडा. आपल्याला विद्यापीठाची सुट्टी असते, थंडी ओसरलेली असते आणि नशीब असेल तर आसाही नदीच्या काठी चेरीला बहर आलेला असतो. अर्धवेळ नोकरीच्या ठिकाणी रजेचं महिनाभर आधी सांगून ठेव.

व्हिसाचं कोण काय करणार ते एकदा फोनवर बसून ठरवा. तू बोलावते आहेस म्हटल्यावर निमंत्रणाचं पत्र, रोज कुठे मुक्काम त्याचं वेळापत्रक, तुझ्या रेसिडेन्स कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत आणि विद्यापीठाचा दाखला हे तुझ्याकडून जायचं. खर्च बाबाच करणार असतील तर बँकेची आणि इन्कम टॅक्सची कागदपत्रं त्यांची. नातं दाखवायला तुझा जन्मदाखला शोधून ठेवायला सांग. आमच्याकडे तो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडला, त्यात चार दिवस गेले. प्रवास विमा तिथूनच काढायचा. तुझ्या इथल्या आरोग्य विम्यात ते बसत नाहीत.

मग राहण्याचं. सहा तातामींच्या, म्हणजे सहा चटयांच्या मापाच्या खोलीत तिघं मावतील का हा नंतरचा प्रश्न, करारात पाहुण्यांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच. बऱ्याच होस्टेलांत रात्री पाहुणा चालतच नाही. ‘दोनच दिवस, कुणाला कळतंय’ हे इथे करू नकोस, कळतं. मी स्टेशनजवळ साधं बिझनेस हॉटेल घेतलं. झोपायला ते तिकडे आणि दिवसभर माझ्याकडे. आईला आधी वाईट वाटलं, ‘मुलीचं घर असताना हॉटेल?’ पण सकाळी उठल्यावर एकाच बाथरूमसाठी रांग नाही हे तिलाही पटलं. तरी शंभर येनच्या दुकानातून एक बादली आणि एक मग आणून ठेव. इथल्या न्हाणीत टबाबाहेर बसूनच अंग धुतात, त्यामुळे आपली आंघोळ तिथे छान जमते.

सामानाची यादी तू दे, त्यांच्यावर सोडू नकोस. ताजी फळं, भाज्या, पानं आणि मांसाचं काहीही चालत नाही. माझ्या आईने ओल्या फडक्यात गुंडाळून कढीपत्ता आणला होता. विमानतळावर विचारल्यावर तिने खरं सांगितलं आणि त्यांनी तो नम्रपणे काढून घेतला. गोडा मसाला, मेतकूट, पापड, साबुदाणा यांना कुणी हात लावला नाही. औषधं हा नाजूक विषय. महिनाभराची चालतात, त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी लागते. मूळ पाकिटातच ठेवायची आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि स्युडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या सरळ घरी ठेवायला सांग.

त्यांना घ्यायला ओसाकाच्या कान्साई विमानतळावर स्वतः जा. हारुका गाडीने शिन-ओसाका स्टेशन आणि तिथून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने पाऊण तास एवढंच आहे, पण रात्रभर जागलेल्या माणसाला ते फार होतं. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर शिंकान्सेनमध्ये तिच्यासाठी वेगळी जागा राखून ठेवावी लागते, म्हणून निघण्याआधीच टेपने मोजायला सांग. नाहीतर मोठ्या बॅगा विमानतळावरूनच ताक्क्यूबिनने, म्हणजे इथल्या कुरियरने पाठवून दे, मोकळ्या हातांनी या.

पासचं गणित मात्र नीट कर. पर्यटकांसाठीचा देशभर चालणारा सात दिवसांचा जेआर रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला, आणि ओकायामात बसून हिरोशिमा-क्योतो करणाऱ्याला तो परवडत नाही. त्यांच्यासाठी कान्साई-हिरोशिमा एरिया पास बघ. तुला तो मिळणार नाही, तो फक्त अल्पकाळ येणाऱ्या पर्यटकांना आहे. विद्यापीठातून विद्यार्थी सवलतीचा कागद काढून ठेव, १०० किलोमीटरच्या वरच्या अंतराला मूळ भाड्यात २० टक्के सुटतात. आणि पासपोर्ट कायम त्यांच्या खिशात, हॉटेलच्या कपाटात नाही.

खाण्याचं मी गृहीत धरलं आणि फसले. शाकाहारी म्हणून घेतलेल्या भाज्यांच्या सूपमध्येही दाशी, म्हणजे जपानी रस्सा असतो, आणि तो बहुतेक वेळा माशाचा. कोंबू (समुद्री शेवाळ) नाहीतर उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा कसा ओळखायचा ते पहिल्याच दिवशी दाखव. दुपारी बाहेर, रात्री घरी वरणभात असं ठेवलं तर भांडणं होत नाहीत. भात चिकट होणार, त्यावर बोलणी खायची तयारी ठेव. तुझ्याकडे आयएच (इंडक्शन) शेगडी असेल तर आईचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. माझ्याकडे गॅस आहे म्हणून तिने कुकर लावला. दुसऱ्या शिट्टीला शेजारच्या आजोबांनी बेल वाजवून काळजीने विचारलं, काही गळतंय का? पुढचे दहा दिवस वरण राइस कुकरमध्ये शिजलं. कचऱ्याचं वेळापत्रक मराठीत लिहून फ्रिजवर चिकटव. आईने ते पाठ केलं, आता मलाच विचारते, ‘आज प्लास्टिक ना गं?’

फिरण्याची यादी शेवटी, आणि छोटी. दिवसाला एकच ठिकाण. गुडघे बाबांचे आहेत, तुझे नाहीत. कोराकुएन बाग ठेवच: ट्रामने शिरोशिता थांब्यापर्यंत, तिथून दहा मिनिटं चालत. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून केलेलं. १७०० साली पुरी झालेली ती बाग बघून बाबा म्हणाले, “म्हणजे आपण सिंहगड रोडलाच आलो की.” मग बाकावर बसून दोन तास उठले नाहीत. शेजारच्या कुराशिकी शहराची ठरलेली गाडी सोडून दिली, काही बिघडलं नाही.

परतीच्या वजनात किबिदांगोचे, म्हणजे ओकायामाच्या मऊ गोड गोळ्यांचे डबे धर, प्रत्येक नातेवाइकाला एक. विजेच्या वस्तू घेऊ देऊ नकोस. इथे १०० व्होल्ट, घरी २३०. हे मी बाबांना तीनदा सांगितलं, तरी हॉटेलातल्या वॉशलेटचा (पाण्याच्या फवाऱ्याच्या विजेवरच्या कमोडचा) मॉडेल नंबर त्यांनी वहीत उतरवून नेलाच.