मांजराचं दार घेताय? आधी गल्लीतल्या बोक्याचा विचार करा

मांजराचं दार म्हणजे दारात किंवा खिडकीत बसवलेली, मांजर डोक्याने ढकलून ये-जा करतं ती छोटी झडप. माप घ्यायला दोन मिनिटं लागतात. मांजर उभं असताना जमिनीपासून पोटापर्यंतची उंची मोजा, झडपेची खालची कड साधारण तिथे यायला हवी. रुंदी मांजराच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा दोन बोटं जास्त. पिल्लू असेल तर आजच्या मापाने घेऊ नका.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर झडप फक्त जाळी लावलेल्या बाल्कनीत उघडू दे, बाकी कुठेही नाही. भाड्याच्या घरात मालकाच्या दाराला करवत लावू नका. स्लायडिंग खिडकी थोडी उघडून त्या फटीत बसेल अशी प्लायची उभी पट्टी करून घ्या आणि झडप तिच्यात बसवा. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते.

आता कुलूप. मी इथेच दोनदा आपटले आहे.

आमचं घर सदाशिव पेठेत, तळमजल्यावर. पहिल्यांदा साधी लोंबती झडप आणली. ‘मांजर म्हणजे मांजर, त्याला कशाला कुलूप?’ असा सल्ला मिळाला होता. तिसऱ्या रात्री गल्लीतला बोका आत आला, आमच्या मांजरीचं, ठकीचं, जेवण संपवलं आणि जाताना कणकेच्या डब्यावर मुतून गेला. तो वास काय असतो, हे ज्याने घासलंय त्यालाच विचारा.

मग चुंबकाची झडप. मांजराच्या गळ्यात चुंबक, तो जवळ आला की खटका उघडतो. ठकी लोखंडी कपाटाला चिकटायची, एकदा गळ्याला खिळा लटकवून आली. पुढे ऐन पावसात पट्टाच कुठेतरी पडला आणि बाई रात्रभर बाहेर भिजत ओरडत बसली. (पट्टा ओढ बसली की सुटणाराच हवा, नाहीतर मांजर फांदीला अडकून गळफास बसेल. पण सुटणारा म्हणजे हरवणाराच.) शिवाय शेजारच्या मांजराच्या गळ्यातही चुंबक असला की तुमचं दार त्यालाही उघडं.

म्हणून, मांजर खरोखर बाहेर फिरणारं असेल तर मायक्रोचिप वाचणारीच झडप घ्या. महाग आहे, तरी घ्या. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, डॉक्टर ती मानेमागे कातडीखाली टोचतात, तिला बॅटरी लागत नाही. तिच्यात नंबर असतो, तो ओळखला तरच झडप उघडते. झडपेला मात्र सेल लागतात, जास्तीचे घरात ठेवा. विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. तुमच्या चिपचा १५ अंकी नंबर ती वाचते का? आणि फक्त येणं रोखते की जाणंही? स्वस्तातल्या बहुतेक झडपा चिप बघून फक्त येणं रोखतात, रात्री मांजराला घरात ठेवायचं असेल तर खटका हाताने लावावा लागतो. लोखंडी सेफ्टी डोअरला ती थेट बसवू नका, धातूजवळ चिप नीट वाचली जात नाही. भोवती लाकडी चौकट लागेल.

बसवायचं काम सुताराचं. तुम्ही एवढंच बघा की कापलेल्या कडेला प्रायमर आणि सिलिकॉन लावल्याशिवाय तो जाणार नाही. नाहीतर ऑगस्टपर्यंत फ्लश डोअर (प्लायचं सपाट दार) फुगतं.

पहिले चार दिवस झडप चिकटपट्टीने वर बांधून ठेवा आणि पलीकडे सुकट ठेवा. मांजराला हाताने ढकलू नका. आमच्या ह्यांनी ढकललं होतं. ठकी पुढे दोन आठवडे खिडकीतूनच ये-जा करत होती.