काचेच्या शेगडीवर गुळाचा पाक, ओव्हनमध्ये प्लॅस्टिकचे डबे: या चुका टाळा

अमेरिकेत भाड्याचं अपार्टमेंट घेतलं की स्वयंपाकघरात वर चार बर्नर आणि खाली ओव्हन असलेला स्टोव्ह आधीपासूनच उभा असतो. इथले लोक त्याला रेंज म्हणतात, आपण सगळे स्टोव्हच म्हणतो. आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनात, रॅली-कॅरीच्या बाजूला, बहुतेक ठिकाणी तो विजेवर चालणारा असतो, आणि नवीन आलेली मराठी मंडळी त्यावर पहिल्या दिवसापासून गॅसच्या सवयीने स्वयंपाक करतात. मग महिन्याभरात मला फोन येतो, "काकू, स्टोव्ह बिघडलाय." स्टोव्ह बिघडलेला नसतो.

गॅसवर आच डोळ्यांना दिसते. ज्योत बारीक केली की पातेल्याला लगेच कळतं. इथे, वर सपाट काच असलेल्या स्टोव्हवर, नॉब फिरवल्यावर काचेखालची तार तापायला वेळ घेते आणि निवायला त्याहून जास्त. निवत असताना काच काळीभोर, थंडगार वाटते, आणि तिच्यावर हात टेकला तर सालटं निघतं. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या अहवालांत वर्षानुवर्षं दोन गोष्टी येतात: घरातल्या आगींचं सगळ्यांत मोठं कारण स्वयंपाक, आणि इलेक्ट्रिक रेंज असलेल्या घरांत हा धोका गॅसवाल्या घरांपेक्षा जास्त. ज्योत नाही म्हणजे भीती नाही असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

बर्नर सारखा लाल होतो आणि विझतो

तो तसाच चालतो. काचेच्या टॉपमध्ये काच जास्त तापू नये म्हणून एक लिमिटर असतो, तो मधूनमधून तार बंद करतो. शिवाय नॉब 'लो'वर ठेवला तरी तार पेटताना पूर्ण ताकदीनेच पेटते, फक्त थोडा वेळ पेटते आणि जास्त वेळ बंद राहते. मेंटेनन्सवाल्याला बोलावून हे ऐकण्यापेक्षा इथेच वाचा.

याला कंटाळून लोक सगळंच 'हाय'वर ठेवतात. पोहे हायवर, भात हायवर, दूध हायवर. दूध उतू जायला लागल्यावर नॉब बंद करतात, तरी ते जातंच, कारण खालची उष्णता कुठे जाणार? पातेलं उचलून बाजूच्या थंड बर्नरवर ठेवायचं, दुसरा उपाय नाही. कुकरसाठी माझी पद्धत अशी: पहिली शिट्टी होईपर्यंत तो मोठ्या बर्नरवर, आणि दुसरा एखादा बर्नर तेवढ्यात लोवर तापवून तयार. शिट्टी झाली की कुकर उचलून तिकडे. उचलून, ओढत नाही. ओढला की काचेवर ओरखडे. भात मुरायची पाच मिनिटं तर मी बर्नर बंदच करते. असलेल्या उष्णतेत तो छान मुरतो.

ओव्हनचं कपाट करणं

या चुकीचा मला मनापासून राग आहे, कारण आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात ती होते. आपल्याला ओव्हनची सवय नाही. रोज पोळी-भाजी करणाऱ्या घरात ती एवढी मोठी रिकामी पोकळी बघवत नाही, आणि दोन आठवड्यांत तिच्यात कढया, तवे, झाकणं, परातही जाऊन बसते. "आम्ही ओव्हन वापरतच नाही हो" हे उत्तर ठरलेलं. वापरत नाही तोवर काही होत नाही. ज्या दिवशी कुणीतरी वापरतं, त्या दिवशी होतं.

आमच्या कॉम्प्लेक्समधली गोष्ट. एका घरी सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. नीटनेटक्या बाई. ओटा छोटा म्हणून त्यांनी चकलीचे, शंकरपाळ्यांचे प्लॅस्टिकचे डबे रात्री ओव्हनमध्ये लावून ठेवले. त्यांच्या दृष्टीने ते कपाटच होतं. दुसऱ्या दिवशी सुनेने नानकटाईसाठी ३५० फॅरनहाइटवर ओव्हन तापत ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस. असे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि ते साधारण १६० ला वितळतं. डबे जाळीतून ओघळून खालच्या एलिमेंटवर, म्हणजे तापलेल्या नळीवर पडले, आणि काळा, घशाला चावणारा धूर निघाला. तिने घाबरून ओव्हनचं दार उघडलं. हवा मिळाल्यावर आतून जाळ बाहेर आला. अलार्म वाजला, फायर ब्रिगेड आली, आणि डिसेंबरच्या थंडीत अख्खी बिल्डिंग सपाता घालून पार्किंगमध्ये उभी राहिली. कुणाला इजा झाली नाही. सासूबाई मात्र बिचाऱ्या पुढचे कितीतरी दिवस ओव्हनच्या बाजूला फिरकल्या नाहीत.

ओव्हनमध्ये आग दिसली तर दार बंदच ठेवायचं आणि ओव्हन बंद करायचा. आत हवा संपली की बहुतेक वेळा ती विझते. विझायचं लक्षण दिसलं नाही तर घराबाहेर पडून ९११ लावा. एलिमेंटला चिकटलेलं प्लॅस्टिक "जरा तापवलं की जळून जाईल" असा सल्ला देणारा एक तरी हुशार माणूस ओळखीत असतोच. त्याचं ऐकू नका. पूर्ण थंड होऊ द्या, कडक झालं की तुकडे निघतात. एलिमेंटवर फोड किंवा चीर दिसली तर तो बदलायचा.

माझ्या ओव्हनमध्ये जाळ्यांखेरीज काही नसतं. तरीही बटण दाबायच्या आधी मी दार उघडून आत बघते. घरात पाहुणे असले तर दोनदा बघते. खालचा ड्रॉवर भांड्यांसाठी वापरा, पण आधी तो साधा ड्रॉवर आहे की वॉर्मिंग ड्रॉवर ते पाहून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारचा स्वतःच तापतो.

छोट्या छोट्या

मराठी रेसिपीतले १८० अंश सेल्सियसचे असतात. ओव्हन फॅरनहाइटमध्ये आहे. १८० लावून "केक फुगलाच नाही" म्हणू नका.

ओव्हनच्या तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरू नका. काचेऐवजी उघड्या गोल कॉइलचा स्टोव्ह असेल तर त्या कॉइलखालच्या वाट्यांनाही नको.

बंद स्टोव्हवर पोळपाट ठेवून पोळ्या लाटू नका. चुकून नॉबला पोट लागलं की पोळपाटाखालीच बर्नर सुरू.

गोल बुडाची कढई काचेवर चालत नाही. बूड टेकतं तेवढंच तापतं. सपाट बुडाची घ्या, बर्नरच्या मापाची.

फुलक्याची जाळी काचेवर घासू नका. तव्यावरच फडक्याने दाबून फुगवा, पण फडकं छोटं घ्या आणि त्याचं टोक बर्नरवर लोंबू देऊ नका. रिकामा नॉनस्टिक तवा हायवर ठेवून फोनवर बोलत बसणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

स्टोव्हच्या वरच्या कपाटात तुपाचा डबा, लोणच्याची बरणी नको. काच वरच्या वजनाला टिकते, वरून पडलेल्या वजनाला नाही. तडा गेला तर तो बर्नर काय, अख्खा टॉप वापरायचा नाही. ब्रेकर बंद करा आणि अपार्टमेंटच्या लीजिंग ऑफिसला कळवा. सांडलेलं पाणी तड्यातून थेट विजेच्या भागापर्यंत जातं.

पाक

संक्रांत आली की मला हमखास एक फोन येतो. तिळाच्या वड्यांसाठी चिक्कीच्या गुळाचा पाक फसफसून काचेवर सांडलेला असतो, आणि बाई म्हणतात, "थंड झाला की पुसते." गॅसवर हेच शहाणपण. काचेच्या टॉपवर मात्र सांडलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट थंड झाल्यावर पुसायची असली, तरी साखर आणि गूळ याला अपवाद आहेत. ते गरम असतानाच काढावे लागतात.

कारण असं. ही काच तापली-निवली तरी जवळजवळ प्रसरण-आकुंचन पावत नाही. म्हणूनच ती बर्नरवर टिकते. साखर मात्र वितळून काचेला घट्ट चिकटते आणि थंड होताना आकसते. काच जागची हलत नाही, पाक आत ओढला जातो, आणि जाताना काचेचा पापुद्रा सोबत घेतो. गेल्या वर्षी एका मुलीने पाक रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी स्क्रेपरने जोर लावला. गुळाची चकती सुटली. तिच्या मागे नखाएवढी काच निघालेली होती, बोट फिरवलं की खड्डा कळायचा. ऑफिसने डिपॉझिटमधून टॉपचे पैसे कापले, आणि टॉप बदलायचा खर्च नव्या स्वस्त स्टोव्हच्या आसपास जातो. तिने यूट्यूबवर पाहून तो खड्डा भरायला आणलेलं कसलंसं ग्लूही मला दाखवलं. ते स्टोव्हवर नाही, कचऱ्यात टाकलं.

पाक करायला घेण्याआधी मी ब्लेडचा स्क्रेपर, ओव्हनचा लांब ग्लव्ह आणि कागदी टॉवेलची जाड घडी हाताशी ठेवते. पातेलं पाकाच्या तिप्पट मोठं असतं, कारण सोडा घातला की तो वर येणारच. सांडलाच तर पातेलं बाजूला, बर्नर बंद, ग्लव्ह घालायचा, स्क्रेपर तिरका धरून पाक बर्नरच्या बाहेर, काचेच्या थंड भागाकडे ओढत न्यायचा. तिथे तो कडक होतो, मग घडीने उचलायचा. काच नीट थंड झाल्यावर काचेच्या टॉपसाठीच मिळणारं क्लीनिंग क्रीम आणि मऊ फडकं. तारेचा घासणा नाही, खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे नाही. पुरण, आमरस, बासुंदी, जॅम, सगळ्यांना हाच नियम. कोरडा पडलेला ॲल्युमिनियमचा कुकरही तसाच काचेला वितळून चिकटू शकतो, आणि तो तर स्क्रेपरनेही निघत नाही.

तेल, धूर आणि शॉवर कॅप

फोडणीने अलार्म वाजतो म्हणून त्याला शॉवर कॅप घालणारी, बॅटरी काढून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. शिकलेली, चांगल्या नोकरीची माणसं. अलार्म बंद करणं लीजच्या विरुद्ध आहे, आणि आग लागली तर अलार्मच नसणार. फोडणीआधी एक्झॉस्ट लावा, खिडकी फटीएवढी उघडा, बाथरूमचा पंखाही सुरू करा. बऱ्याच अपार्टमेंटमधला हूड हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत घरात सोडतो. त्याची जाळी तेलाने बुजलेली असेल तर तो नुसता आवाज करतो. जाळी गरम पाणी आणि डिशसोपमध्ये भिजवा. आत कोळशाचा फिल्टर असेल तर तो धुवायचा नसतो, बदलायचा.

दिवाळीचं तळण हायवर ठेवून दारात कुरिअर घ्यायला जाऊ नका. तेलातून धूर दिसायला लागल्यावर नॉब बंद केला तरी ते आणखी थोडं तापतच राहतं. पेट घेतला तर झाकण सरकवून टाका आणि बर्नर बंद करा. पाणी ओतायचं नाही, कढई उचलून सिंककडे पळायचं नाही. म्हणून तळताना मापाचं झाकण माझ्या डाव्या हाताला असतं, कपाटात नाही.

सेल्फ-क्लीन

हे बटण दाबलं की ओव्हन कुलूप लावून घेतो आणि काही तास ८०० ते ९०० फॅरनहाइटपर्यंत तापून आतली घाण जाळून राख करतो. लोक ते नेमकं दिवाळीच्या किंवा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दाबतात. त्या उष्णतेत फ्यूज जाणं, दार अडकणं, कंट्रोल बोर्ड बसणं हे प्रकार होतात, आणि सणाच्या आठवड्यात तंत्रज्ञ मिळत नाही. जाळ्या आधी बाहेर काढा, नाहीतर चकाकी जाते. घरात पोपट असेल तर हे बटण विसराच. त्या धुराने पक्षी मरतात. मी बेकिंग सोड्याची पेस्ट रात्रभर लावून सकाळी पुसते. हात दुखतात, ओव्हन टिकतो.

प्लग आणि ब्रॅकेट

जुना स्टोव्ह विकत घेऊन नव्या घरात लावताना प्लग बसत नाही, कारण १९९६ नंतर नव्या वायरिंगला चार खुंट्यांचा प्लग सक्तीचा झाला आणि जुन्यांना तीन. हे २४० व्होल्टचं, ४० नाहीतर ५० ॲम्पियरच्या ब्रेकरवरचं काम आहे. कॉर्ड बदलताना मागची अर्थिंगची पट्टीही हलवावी लागते. इलेक्ट्रिशियनला पैसे द्या. ब्रेकर परत परत पडत असेल तर परत परत वर करू नका.

लहान मूल घरात असेल तर आजच एक काम करा. ओव्हनच्या उघड्या दारावर मूल चढलं तर स्टोव्ह पुढे कलंडतो आणि वरचं उकळतं पातेलं त्याच्या अंगावर येतं. हे होऊ नये म्हणून १९९१ पासून स्टोव्हबरोबर अँटी-टिप ब्रॅकेट येतो, पण बसवणारे घाईत तो पिशवीतच सोडून जातात. खालचा ड्रॉवर काढून टॉर्च मारा: मागचा पाय जमिनीला किंवा भिंतीला लावलेल्या पट्टीत अडकलेला दिसायला हवा. दिसला नाही तर लीजिंग ऑफिसला कळवा. फोन करू नका, मेल टाका, म्हणजे तारीख राहते.