केअर सेंटर बघायला जाताय? इमारत नंतर बघा, आधी टाचा बघा

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यासमोर दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल येतं, डिलिव्हरीचं नाहीतर हर्नियाच्या ऑपरेशनचं. मी लिहितेय ते त्याबद्दल नाही. अंथरुणाला खिळलेली, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेली, पॅरालिसिसनंतर उठता न येणारी म्हातारी माणसं जिथे महिनोन्महिने राहतात ती ठिकाणं, पुण्यात धायरी, वारजे, वाघोली अशा भागात बंगल्यांतनं नाहीतर बिल्डिंगच्या दोन-तीन मजल्यांवर चालतात, बोर्डावर केअर सेंटर, वृद्धाश्रम, रिहॅब काहीही लिहिलेलं असतं. आईला स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, घरी आठ महिने केलं आणि मग माझी पाठ आणि नोकरी दोन्ही जायची वेळ आली तेव्हा मी अशी अकरा ठिकाणं पालथी घातली. पहिली निवड चुकली. ती का चुकली ते कळायला मला तीन आठवडे लागले, तुम्हाला लागू नयेत म्हणून हे सगळं लिहितेय.

चूक अशी झाली की मी सकाळी अकराला, फोन करून, वेळ ठरवून गेले. सकाळी अकराला सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, केस विंचरलेले असतात. चकाचक लॉबी, बाग, रूममध्ये टीव्ही, मला फार बरं वाटलं. तीन आठवड्यांनी थंडी पडली म्हणून आईला मोजे घालायला गेले तर डाव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा काळपट डाग, बोट लावलं तर मऊ. सिस्टर म्हणाली वयामुळे होतं. वयामुळे नव्हतं ते, ती टाच तासन्तास गादीवर एकाच जागी टेकून होती.

म्हणून माझा पहिला नियम हाच की इमारत बघू नका, तिथे सहा महिन्यांच्या वर राहिलेल्या एखाद्या झोपून असलेल्या पेशंटला बघा. त्यांच्या नातेवाइकांची परवानगी घेऊनच बघा अर्थात, रविवारी गेलात तर नातेवाईक भेटतातच आणि ते मनापासून बोलतात. टाचा बघा, नखं बघा, जीभ कोरडी पडलीय का बघा, ओठांच्या कडा फाटल्यात का बघा, कानामागची आणि बोटांच्या बेचक्यातली त्वचा बघा. ओरिजिनल मार्बलचं फ्लोअरिंग चार दिवसांत करून घेता येतं पण सहा महिन्यांची काळजी अंगावरच दिसते.

बेडसोअर म्हणजे झोपून झोपून होणाऱ्या जखमा, त्यांच्याबद्दल नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबली की तिथला रक्तपुरवठा थांबतो, जास्त वेळ थांबला की ती जागा मरते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची मागची हाडं या मुख्य जागा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा, पांढरट होऊन परत लाल झाला तर रक्त खेळतंय, दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. सावळ्या रंगावर लाली पटकन कळत नाही, तिथे हात फिरवून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का. 'आमच्याकडे एअर बेड आहे' असं म्हणाले की तिथे थांबू नका, पंप चालू आहे का, हवा भरलीय का ते हाताने दाबून बघा, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर ती खोली आहे का ते विचारा. आणि एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, हे पन्नास वेळा सांगितलं तरी कमीच.

चार्ट मागा. कूस कधी बदलली त्याचा चार्ट बऱ्याच ठिकाणी खाटेला लटकवलेला असतो. दुपारी चारला गेलात आणि त्यावर संध्याकाळी सहाची आणि आठची सहीसुद्धा आधीच झालेली असेल तर बाकी काही बघायची गरज नाही, सरळ निघा. आठवडाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका दमात लिहिल्यासारख्या दिसत असतील तरी तेच. माझ्या अकरातल्या दोन ठिकाणी मला हे दिसलं.

आता माणसं किती हा प्रश्न. सगळे सांगतात आमच्याकडे चोवीस तास स्टाफ आहे. तुम्ही विचारायचं की रात्री दहा ते सकाळी सहा या मजल्यावर नक्की किती जण जागे असतात, आणि झोपून असलेले पेशंट किती. मग मनातल्या मनात हिशोब करा. एका माणसाला नीट वळवायला साधारण दोघं लागतात, डायपर बघून, उशा लावून पाच मिनिटं तरी जातात. असे वीस पेशंट असतील तर एक फेरी शंभर मिनिटांची, म्हणजे दोन तासांतली वीस मिनिटं उरली, आणि त्यात कुणी उलटी केली, कुणी पडलं, कुणाची शुगर उतरली तर संपलंच. वीस जणांना रात्री दोन मावश्या हे कागदावरही जेमतेम बसतं, आणि एकच मावशी असेल तर कूस बदलली जात नाहीये हे धरूनच चाला.

सिस्टर म्हणून जी आहे तिचं शिक्षण काय ते सरळ विचारा, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. जीएनएम (नर्सिंगचा पूर्ण डिप्लोमा) झालेली आहे की एएनएम (सहायक नर्सचा कोर्स), नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, की अनुभवाने शिकलेली मावशीच पांढरा कोट घालून इंजेक्शन देतेय. मावश्यांबद्दल मला अतोनात आदर आहे, आईची शेवटची दोन वर्षं त्यांनीच केली, पण इन्सुलिन देणं हे ट्रेनिंगचं काम आहे. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखवा म्हणा. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटचं आणि १०० युनिटचं अशी दोन्ही इन्सुलिन मिळतात, ४० ला लाल टोपीची सिरिंज आणि १०० ला केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो, आणि बोलता न येणाऱ्या माणसाची शुगर रात्री उतरली तर सांगणार कोण. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या असतात, तेव्हा फ्रिजही उघडून बघा.

जेवणाच्या वेळेला मुद्दाम जा. मेनू वाचू नका, हात बघा, भरवणारीचे. आडवं झोपवून भरवतायत का, घास गिळायच्या आत दुसरा चमचा तोंडाशी येतोय का, पाणी पिताना ठसका लागला तर थांबतायत का. स्ट्रोकच्या पेशंटला ठसका म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती, त्यातनं न्यूमोनिया होतो. नाकातून नळी असेल तर फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ डिग्री वर हवी आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी, फीड देऊन लगेच खाट सपाट करणारे मी बघितलेत. ज्यांना हाताने जेवता येतं त्यांचं ताट हाताच्या टप्प्यात ठेवलंय का? एका ठिकाणी आजोबांचं मऊ भाताचं ताट स्टुलावर होतं, स्टूल खाटेपासून दीड हात लांब, वीस मिनिटांनी मामा आले आणि 'आज जेवले नाहीत' म्हणून ताट घेऊन गेले. रात्रीचं जेवण साडेसहाला आणि नाश्ता साडेआठला असेल तर मधले चौदा तास पोटात काय, तेही विचाराच.

चष्मा, कवळी, कानाचं मशीन. या तीन गोष्टी पेशंटच्या अंगावर आहेत की कपाटात? कवळी डबीत राहिली की माणूस चावत नाही, चावत नाही म्हणून पातळ खाणं, मग वजन उतरतं. मशीनचा सेल संपला की 'आजींना काही समजत नाही' म्हणतात, खरं तर त्यांना ऐकूच येत नसतं.

वासाबद्दल सगळे बोलतात. एकदा वास आला म्हणून ठिकाण वाईट नसतं, माणसं आहेत, डायपर भरणारच. वीस मिनिटांनी त्याच खोलीत परत जा, तोच वास तिथेच असेल तर मग विचार करा. फिनेलचा भपका येत असेल तर मला उलट जास्त शंका येते. युरिनची पिशवी कमरेच्या खाली लटकवलेली हवी पण फरशीवर टेकलेली नको.

डिमेन्शियाचा पेशंट असेल तर संध्याकाळी जा, कारण बऱ्याच जणांची घालमेल संध्याकाळीच वाढते, 'मला घरी जायचंय' सुरू होतं. मॅनेजरला विचारा, असं झालं की तुम्ही काय करता. फिरवतो, गाणी लावतो, पालेभाजी निवडायला देतो, असं काही सांगितलं तर ऐकत बसा. 'गोळी देतो, शांत होतात' हे उत्तर पहिलंच आलं तर सावध व्हा. झोपेच्या औषधावर ठेवलेला माणूस शांत दिसतो, पण तो पडतो, जेवत नाही, झोपून झोपून त्याला जखमा होतात. मनगटाला बँडेजने खाटेला बांधतात काही ठिकाणी, हाफ बाह्यांत मनगटं दिसतात, बघून घ्या. कुठलं औषध सुरू केलं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे तुम्हाला आधी कळवलं पाहिजे, ते करारातच लिहून घ्या.

कराराचं थोडक्यात: डिपॉझिट परत कधी, महिन्याच्या मध्ये नेलं किंवा माणूस गेलं तर उरलेले पैसे मिळतात का, डायपर आणि औषधं धरून की वेगळी, इमर्जन्सीला कुठल्या हॉस्पिटलला नेतात आणि बरोबर कोण जातं, रात्री डॉक्टर प्रत्यक्ष येतात की फोनवर, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का. रजिस्ट्रेशन ट्रस्टचं आहे असं सांगितलं तर ते चांगलंच, पण त्यावरून नर्सिंग कसं आहे हे काहीच कळत नाही.

आम्ही शेवटी जिथे ठेवलं तिथे भिंतींचे पोपडे निघालेले होते. मी संध्याकाळी सातला न सांगता गेले. एक मावशी एका आजोबांना वळवत होत्या, आजोबा डोळेही उघडत नव्हते, तरी त्या म्हणत होत्या, 'बाबा, आता भिंतीकडे वळायचंय हं, पाय उचलते तुमचा.' मग पोटरीखाली उशी सरकवली, दोन्ही टाचा अधांतरी. मी विचारलं, मावशी, उशी टाचेखाली का नाही? म्हणाल्या, 'टाच टेकली की ती जातेच ओ ताई.' दुसऱ्या दिवशी डिपॉझिट भरलं.

ठेवल्यावरही बघणं थांबवू नका. दर वेळी वेगळ्या वाराला, वेगळ्या वेळेला जा, गेल्यावर पांघरूण बाजूला करून पाठ आणि टाचा बघायच्याच, कुणाला काय वाटेल याचा विचार करायचा नाही. वजन दर महिन्याला करून घ्या, खाटेवरून उठवता येत नसेल तर आईच्या बांगड्या बघायचे मी, कोपराकडे किती वर सरकतात ते. चांगलं काम दिसलं तर मावशीला नावाने थँक्यू म्हणा आणि मॅनेजरसमोर म्हणा. काही चुकलं तर फोटो काढून, तारीख टाकून लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की हवेत जातं. दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, फुकट आहे, आणि दुसरीकडे हलवायचं ठरलं तर निघताना औषधांची यादी, चार्टच्या कॉपी आणि कवळीची डबी हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.