जिवाणूरोधी पेप्टाइड आणि पेशीपटल: प्रयोगाला बसण्याआधी

पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) धनप्रभारित, जिवाणूचं पटल ऋणप्रभारित, म्हणून पेप्टाइड चिकटतं आणि छिद्र पाडतं. या विषयाची सुरुवात बहुतेकांची याच वाक्याने होते. ते चूक नाही, पण त्यावर प्रयोग उभा राहत नाही. चिकटणं, पटलात शिरणं, गळती होणं आणि जिवाणू मरणं या चार वेगळ्या घटना आहेत आणि प्रत्येकीचा पुरावा वेगळा लागतो. शिवाय द्रावणात पेप्टाइड किती मायक्रोमोलर आहे एवढं सांगून भागत नाही. एका पेप्टाइडमागे लिपिडचे (ज्या स्निग्ध रेणूंचं पटल बनतं त्यांचे) किती रेणू आहेत, हे प्रमाण खरं महत्त्वाचं.

मॅगेनिनचं उदाहरण घ्या. मायकेल झॅस्लॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकी बेडकाच्या त्वचेतून वेगळं केलेलं हे २३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. पाण्यात त्याला ठरावीक आकार नसतो. ऋणप्रभारित पटलावर पोचलं की ते अल्फा हेलिक्स (मळसूत्री वेटोळं) होतं, एका बाजूला लायसिनचे प्रभार आणि दुसऱ्या बाजूला पाणी टाळणारी अमिनो आम्लं. लिपिडच्या मानाने पेप्टाइड कमी असताना ते लिपिडच्या डोक्यांमध्ये (पाण्याकडच्या प्रभारित टोकांमध्ये) आडवं पडून राहतं. त्याने डोकी दूर सरकतात आणि पटल पातळ होतं. पेप्टाइड एका मर्यादेपलीकडे वाढलं की काही रेणू उभे होतात आणि पेप्टाइड व लिपिडची डोकी मिळून छिद्राची भिंत बनवतात. अ‍ॅलामेथिसिन या दुसऱ्या पेप्टाइडच्या छिद्राची भिंत मात्र निव्वळ पेप्टाइडची असते. काही पेप्टाइडं पृष्ठभाग व्यापून पटलाचे तुकडेच पाडतात. आपलं पेप्टाइड यांपैकी कोणत्या नमुन्यात बसतं यावर सुरुवातीला डोकं खर्च करू नका. लिपिड आणि प्रमाण बदललं की एकच पेप्टाइड वेगळं वागू शकतं.

आता प्रमाणाचा हिशेब करू. ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीत साधारण २ कोटी लिपिड रेणू असतात. एमआयसी म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा. ती मोजण्याच्या प्लेटमध्ये एका मिलिलिटरला ५ लाख पेशी, म्हणजे लिपिडचे रेणू १० चा १३वा घात. २ मायक्रोमोलर पेप्टाइड म्हणजे मिलिलिटरला १.२ गुणिले १० चा १५वा घात. पेप्टाइड लिपिडच्या शंभरपटीहून जास्त झालं! पटल फुटलं का हे दाखवणाऱ्या रंगद्रव्याच्या प्रयोगात आपण बहुधा मिलिलिटरला १० कोटी पेशी घेतो. तिथे त्याच २ मायक्रोमोलरला एका पेप्टाइडमागे जवळजवळ दोन लिपिड येतात. म्हणून ‘एमआयसीइतकं पेप्टाइड घातलं तरी पटल फुटलं नाही, म्हणजे पेप्टाइड पटलावर काम करत नाही’ हा निष्कर्ष टिकत नाही. रंगद्रव्याच्या प्रयोगासाठी घेतलेल्या पेशीघनतेलाच मारक मात्रा पुन्हा मोजा, मग तुलना करा.

स्टॉक बनवताना पावडरचं वजन म्हणजे पेप्टाइडचं वजन असं धरू नका. त्यात ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट आणि पाणीही असतं, निव्वळ पेप्टाइड अनेकदा ६० ते ८० टक्केच निघतं. ट्रिप्टोफॅन असेल तर २८० नॅनोमीटरला शोषण मोजा, एका ट्रिप्टोफॅनला ५५०० हा गुणांक धरा. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन दोन्ही नसतील तर अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या. धनप्रभारित पेप्टाइड पॉलिस्टायरीनला आणि काचेला चिकटतं, त्यामुळे नळ्या आणि प्लेट पॉलिप्रोपिलीनच्याच घ्या. साध्या पॉलिस्टायरीन प्लेटमध्ये एमआयसी खोटीच वाढलेली दिसते, कमी मात्रेच्या वेलमध्ये तर फारच. एमआयसीसाठी पातळीकरण ०.०१ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल आणि ०.२ टक्के अल्ब्युमिन या प्रथिनात करतात. लिपोसोम (लिपिडच्या कृत्रिम पिशव्या) आणि रंगद्रव्याच्या प्रयोगात मात्र अल्ब्युमिन नको, ते रंगद्रव्य आणि लिपिड दोन्ही धरून ठेवतं.

लिपोसोमवर थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. ई. कोलायच्या आतल्या पटलासाठी पीओपीई आणि पीओपीजी ही लिपिडं ३:१, सस्तन पेशीसाठी पीओपीसी हे लिपिड आणि कोलेस्टेरॉल. क्लोरोफॉर्ममधलं लिपिड काचेच्या सिरिंजनेच मोजा. नायट्रोजनखाली पापुद्रा सुकवून किमान २ तास, जमल्यास रात्रभर निर्वातात ठेवा. उरलेला क्लोरोफॉर्म पटल आधीच सैल करतो. मग ७० मिलिमोलर कॅल्सीन हे चमकणारं रंगद्रव्य घाला. इतकं दाट असताना ते स्वतःचीच चमक दाबतं, गळून बाहेर पातळ झालं की चमकतं. ते पाण्यात सहजी विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालत पीएच ७.४ वर आणावा लागतो. पाच वेळा गोठवून वितळवा आणि १०० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून विषम वेळा, म्हणजे ११ किंवा २१ वेळा काढा. वेळा सम झाल्या तर न गाळलेला माल शेवटी तयार नमुन्यात परत येतो. पीओपीई सुमारे २५ अंशांखाली घट्ट होतं, तेव्हा एक्स्ट्रूडर (फिल्टरमधून ढकलायचं उपकरण) कोमट ठेवा. सेफाडेक्स जी-५० च्या स्तंभातून लिपोसोम आधी उतरतात, मोकळं कॅल्सीन मागे राहतं. बाहेरच्या बफरची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची एकूण संहती) आतल्या द्रावणाइतकी करून घ्या; फरक राहिला तर पेप्टाइड न घालताही गळती सुरू होते. स्तंभात किती लिपिड गेलं हे अंदाजाने ठरवू नका, फॉस्फेट मोजा. प्रमाणाचं सगळं गणित त्याच आकड्यावर उभं आहे.

चमकेची मोजणी ४९० नॅनोमीटरला उद्दीपन, ५२० ला उत्सर्जन. शेवटी सगळे लिपोसोम फोडणाऱ्या ०.१ टक्के ट्रायटन या डिटर्जंटने मिळणारं रीडिंग १०० टक्के धरायचं. गळती म्हणजे (रीडिंग वजा सुरुवातीचं) भागिले (ट्रायटनचं वजा सुरुवातीचं), गुणिले १००. मोकळ्या कॅल्सीनमध्ये पेप्टाइड घालूनही एक वेल ठेवा. कॅल्सीन ऋणप्रभारित आहे, पेप्टाइड त्यालाच चिकटलं तर चमक बदलते आणि ती गळती वाटते. फुटल्याची खात्री हवी असेल तर मधमाशीच्या विषातलं मेलिटिन वापरा, पण निवडक पेप्टाइडचा नमुना म्हणून नको. ते तांबड्या पेशीही फोडतं.

जिवंत पेशींत एनपीएन बाहेरचं पटल दाखवतं, डायएस-सी३-५ आतल्या पटलाचा विभव (दोन बाजूंमधला विद्युत दाबाचा फरक), प्रोपिडियम आयोडाइड मोठी छिद्रं. विभव गेला म्हणजे छिद्र पडलंच असं नाही. तिन्ही रंगद्रव्यं एकाच पेशीघनतेवर लावा आणि त्याच नळीतून त्याच मिनिटांना प्लेटिंगही करा, म्हणजे पेशी वाढवून वसाहती मोजा. वसाहती आधी कमी झाल्या आणि प्रोपिडियम नंतर शिरलं, तर फुटणं हे मरणाचं कारण नसून परिणाम असू शकतं. ब्युफोरिन-२ हे पेप्टाइड फारशी गळती न करता आत जाऊन न्यूक्लिक आम्लांना चिकटतं. नायसिन हे पेप्टाइड लिपिड-२ हा ठरावीक रेणू पकडतं.

शक्य असेल तर आणखी एक पेप्टाइड मागवा: तोच क्रम, पण सगळी अमिनो आम्लं डी रूपातली, म्हणजे नेहमीच्या एल रूपाची आरशातली प्रतिमा. मॅगेनिनचं असं रूप मूळ पेप्टाइडइतकंच काम करतं, म्हणजे त्याला हस्तविशिष्ट (दोनपैकी एकच रूप ओळखणाऱ्या) ग्राहीची गरज नाही. तुमचं डी रूप निकामी ठरलं तर पटलाच्या लिपिडांखेरीज दुसरं लक्ष्य शोधायला लागा. ते मूळ पेप्टाइडपेक्षा सरस ठरलं, तर आधी प्रोटिएजचा (पेप्टाइड तोडणाऱ्या विकराचा) संशय घ्या: एल रूप कल्चरमध्येच तुटत असेल. तो संशय फिटायला हाच प्रयोग लिपोसोमवर करून बघा, तिथे प्रोटिएज नसतात.