टेन्सरची घटकशः तुलना करताना या चुका टाळा

पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या पायथन लायब्ररीत दोन टेन्सरच्या (आकड्यांच्या बहुमितीय तक्त्यांच्या) मध्ये == लिहिलं की एक उत्तर मिळत नाही; प्रत्येक घटकाचं वेगळं ट्रू किंवा फॉल्स मिळतं. एकाहून जास्त घटक असलेली ही तुलना तशीच इफमध्ये घातली तर एरर येतो. तो बरा, निदान लगेच कळतो. दोन्ही टेन्सर पूर्ण सारखे आहेत का, एवढंच हवं असेल तर टॉर्च.इक्वल वापरा. टॉर्च.इक्यू नव्हे, ते ==चंच काम करतं; नावं इतकी जवळची आहेत की घाईत हमखास गल्लत होते.

खरी भीती एरर न देणाऱ्या चुकीची. समजा, लेबलं, म्हणजे खरी उत्तरं, आहेत 0, 1, 1, 0 आणि त्यांचा शेप, म्हणजे टेन्सरचा आकार, (4,). मॉडेलची उत्तरंही तंतोतंत तीच, पण शेप (4, 1), कारण शेवटच्या लेयरमधून एक जादा डायमेन्शन आलं. आता == केलं की ब्रॉडकास्टिंग होतं, म्हणजे वेगळे शेप जुळवायला घटक आपोआप पुन्हा पुन्हा वापरले जातात, आणि 4 ऐवजी 16 तुलना होतात. प्रत्येक उत्तर चारही लेबलांशी ताडलं जातं, त्यातली दोन जुळतात. 16 पैकी 8 ट्रू, म्हणजे सरासरी काढली की अॅक्युरसी (बरोबर उत्तरांचं प्रमाण) 0.5. सगळी उत्तरं बरोबर असूनही! सगळी चुकली असती तरी आकडा हाच आला असता. अशा वेळी लर्निंग रेट (मॉडेलच्या शिकण्याचा वेग ठरवणारा आकडा) बदलत मी दोन दिवस घालवले आहेत. म्हणून अॅक्युरसी एकाच आकड्यावर अडकली, की मॉडेलला हात लावण्याआधी दोन्ही शेप प्रिंट करून बघा. जादा डायमेन्शन स्क्वीझ(-1) करून काढा. नुसतं स्क्वीझ() नको. शेवटच्या बॅचमध्ये एकच नमुना उरला तर बॅचचं डायमेन्शनही उडून जातं.

फ्लोटसाठी, म्हणजे दशांश आकड्यांसाठी, == शक्यतो टाळाच. फ्लोट64मध्ये 0.1 + 0.2 हे 0.3 एवढं भरत नाही. त्याऐवजी आकडे पुरेसे जवळ आहेत का ते तपासा: इझक्लोज घटकशः सांगतं, ऑलक्लोज एकच उत्तर देतं. पण त्यांची ठरलेली सूट, म्हणजे चालणारा फरक, समजून घ्या: 10⁻⁸, अधिक दुसऱ्या टेन्सरमधल्या किमतीच्या 10⁻⁵ पट. ती किंमत शून्य असली की उरते फक्त 10⁻⁸, आणि 0.0000001 व 0 ही जोडीसुद्धा फॉल्स ठरते. तिथे एटोल, म्हणजे सुटीतला 10⁻⁸ हा स्थिर भाग, स्वतः ठरवून द्या.

नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ असं सांगणारी किंमत, तर स्वतःशीही जुळत नाही. तो शोधायला इझनॅन आहे; ऑलक्लोजमध्ये दोन्हीकडचे नॅन सारखे धरायचे असतील तर इक्वल_नॅन=ट्रू द्यावं लागतं.

टेन्सरवरच्या दोन अटी जोडताना अँड चालत नाही, & लागतं, आणि प्रत्येक अट कंसात हवी. कंस नसले तर & हे > आणि < च्या आधी सुटतं.