धावण्याच्या घरगुती सँडलची गाठ
मेक्सिकोतील रारामुरी लोक जुन्या टायरच्या तुकड्याला पट्टी ओवून करतात तशी साधी सँडल घरी करायची असल्यास पायाची बाह्यरेषा उभे राहूनच आखावी, कारण बसून आखलेला तळवा अपुरा पडतो. रबर 5 ते 6 मिलिमीटर जाडीचे घ्यावे. नाशिकच्या पांडवलेणीच्या पायथ्याची खडी त्याहून पातळ तळव्यातून चांगलीच बोचते. अंगठ्याच्या बेचक्यात एक आणि घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडावे. खरी मेख मात्र बेचक्यातल्या भोकातून ओवलेल्या पट्टीला तळव्याखाली मारलेल्या गाठीत आहे: ती रस्त्यावर घासून तुटते, म्हणून नायलॉनच्या पट्टीची ही गाठ मेणबत्तीवर किंचित वितळवून, चमच्याच्या पाठीने चपटी दाबून, भोकाभोवती कोरलेल्या उथळ खाचेत बसवावी.