ब्रिटिश पिरियड ड्रामा कसे बघायचे: एक सीन पकडा, पुस्तक उघडा आणि मग मत बनवा

पिरियड ड्रामा, म्हणजे जुन्या काळात घडणाऱ्या सिरीयली आणि सिनेमे, म्हणजे नुसते गाउन, वाडे आणि चहापार्ट्या असं म्हणून लोक पहिल्याच एपिसोडला बंद करतात, आणि दुसरीकडे पुस्तकं पाठ असलेले "हे मूळ कादंबरीत नव्हतंच" म्हणून अख्खी सिरीयल मोडीत काढतात, मला हे दोन्ही पटत नाही. पुस्तकात नसलेलं घातलं म्हणजे चूक असं नसतं, बघायचं ते हे की त्या बदलाने पात्र मोठं झालं की लहान. आता हे ओळखायचं कसं, ते सांगते.

सुरुवात कुठून करायची तर बीबीसीच्या २००४ च्या 'नॉर्थ अँड साउथ'पासून. चारच एपिसोड आहेत, एका वीकेंडात आरामात होतात. एलिझाबेथ गॅस्केलची कादंबरी, १८५४-५५ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आलेली. दक्षिणेतल्या हिरव्यागार खेड्यातली मार्गारेट आईवडिलांबरोबर उत्तरेतल्या धुराने काळ्या पडलेल्या गिरणीगावात येते, गावाचं नाव मिल्टन पण नमुना मँचेस्टरचा. संप, युनियन, संप फोडायला बाहेरून आणलेले कामगार, ज्यांच्या घरात लालबाग-परळच्या गोष्टी ऐकायला मिळाल्यात त्यांना यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि नातंही खरंच आहे, कारण ज्या १८५४ साली ही कादंबरी छापून यायला लागली त्याच साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढायला घेतली.

आता पहिल्या एपिसोडमध्ये मार्गारेट गिरणीचं दार सरकवते तो सीन नीट बघा. हवेत सगळीकडे पांढरं भुरभुरतंय, बर्फ पडल्यासारखं, क्षणभर सुंदरच वाटतं. तो कापसाचा तूस असतो आणि तोच छातीत जाऊन बेसी नावाची तरुण मुलगी मरणार असते. पुस्तकात बेसी स्वतः सांगते की काही गिरण्यांत हा तूस बाहेर ओढायला मोठं चाक बसवतात पण त्याला पाचसहाशे पाउंड लागतात आणि त्यातून नफा काही निघत नाही, म्हणून फार थोडे मालक ते बसवतात. पुस्तकाने आकडा सांगितला, कॅमेऱ्याने तूस दाखवला, दोघांनी आपापलं काम चोख केलं. उत्तम रूपांतर म्हणजे माझ्या मते हेच.

पण लगेच त्याच सीनमध्ये गिरणीमालक थॉर्नटन एका कामगाराला बेदम मारताना दाखवलाय, आत धूम्रपान केलं म्हणून. पुस्तकात असं काही नाही, तिथे मार्गारेट आणि थॉर्नटनची पहिली भेट हॉटेलात होते, घर भाड्याने घेण्याच्या कामातून. मारामारीमुळे नाट्य वाढलं हे खरं पण मला हा बदल खटकतोच, कारण गॅस्केलचा थॉर्नटन कठोर आहे तो विचाराने, मजुरांना आपण कसलाही हिशोब देणं लागत नाही हे मनापासून मानणारा माणूस आहे तो, आणि हात उचलला की तो नेहमीचा रागीट हिरो होऊन जातो. म्हणजे पात्र लहान झालं.

आता शेवट. पुस्तकात दोघं लंडनच्या घरात एका खोलीत बोलतात, सिरीयलमध्ये रेल्वे स्टेशनवर भेटतात आणि चारचौघांत किस घेतात. व्हिक्टोरियन काळात असं कोण करेल म्हणून बरेच जण नाक मुरडतात. मला मात्र हा बदल मान्य आहे, उत्तर आणि दक्षिण जोडणारी रेल्वे सुरुवातीपासून गोष्टीत आहे, मग दोघांनी मधल्याच स्टेशनावर भेटावं हे पटतं. शिवाय पुस्तकातलं फूल त्यांनी सोडलेलं नाही! थॉर्नटन तिच्या गावाला जाऊन गुलाब घेऊन आलेला असतो, मोठमोठी भाषणं न करता ते फूल दाखवतो आणि तिला कळतं की हा माणूस आपलं गाव बघून आलाय.

पुढची पायरी म्हणजे जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. १९९५ ची बीबीसीची सहा एपिसोडची, अँड्र्यू डेव्हिसने लिहिलेली, आणि २००५ चा जो राइटचा सिनेमा, दोन्ही बघा पण लागोपाठ नको. बघायच्या आधी एका कागदावर पैशाचे आकडे लिहून ठेवा, खरंच उपयोग होतो: नायक डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पाउंड, त्याचा मित्र बिंगलीचं चार-पाच हजार, नायिका एलिझाबेथच्या बेनेट घराण्याचं २,०००, आणि तेही वडील गेले की मुलींना नाही, लांबच्या पुरुष नातेवाइकाला जाणार. हे डोक्यात असलं की मिसेस बेनेट नुसती बडबडी बाई वाटत नाही, पाच मुलींची आई वाटते. तिला फक्त हसण्यापुरती ठेवणारे दिग्दर्शक मला आवडत नाहीत, २००५ मध्ये ब्रेंडा ब्लेथिनने तिची काळजी छान दाखवलीय.

मग एकच सीन धरा, डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो तो. पुस्तकात गंमत अशी आहे की तो पहिली दोन-तीन वाक्यं स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि तुझं घराणं कमी दर्जाचं आहे वगैरे अपमानाचा भाग मात्र जेन ऑस्टिन निवेदनात उरकून टाकते, संवाद देतच नाही. त्यामुळे पडद्यासाठी ते शब्द कुणीतरी नव्याने लिहावेच लागतात, "पुस्तकातलं जसंच्या तसं घ्या" म्हणणाऱ्यांनी हा सीन कसा करायचा ते सांगावं. १९९५ मध्ये हे सगळं पाद्र्याच्या घरातल्या साध्या खोलीत घडतं, कॉलिन फर्थ येरझाऱ्या घालत बोलतो आणि जेनिफर एहली बसल्या जागी आतून तापत जाते. २००५ मध्ये स्टोअरहेडच्या बागेतल्या देवळात, बाहेर धो धो पाऊस, दोघं भिजलेले आणि एकमेकांच्या अगदी जवळ. पाऊस देखणा आहे पण माझं मत खोलीच्या बाजूने, कारण सभ्यपणा सोडता येत नाही अशा जागेत दोन माणसं भांडतात तेव्हा प्रत्येक शब्द जास्त लागतो. तुमचं मत उलट असू शकतं, फक्त ते पुस्तकातलं ३४ वं प्रकरण वाचून बनवा, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

ऑस्टिनच्याच 'पर्सुएजन'लाही हीच कसोटी लावा. लग्न ठरून मोडल्यावर आठ वर्षांनी अ‍ॅन आणि वेंटवर्थ समोरासमोर येतात ते पुस्तकात भराभर उरकतं, नजर अर्धवट भेटते, नमस्कार होतो, तो इतरांशी दोन शब्द बोलतो आणि निघून जातो. १९९५ च्या सिनेमात अ‍ॅन झालेली अमांडा रूट सुरुवातीला फारच कमी बोलते, सगळं चेहऱ्यावर, कपडेसुद्धा रोज घालून मळलेले वाटतात. २०२२ वाल्यात अ‍ॅन सारखी कॅमेऱ्याकडे बघून आपल्याला मनातलं सांगत राहते, आणि मला ते अजिबात चाललं नाही, जिचं ऐकायला घरात कुणी नाही हीच जिची गोष्ट आहे तिला आपण मैत्रीण म्हणून मिळालो तर तिचं एकटेपण उरतंच कुठे.

भाषेचं म्हणाल तर इंग्लिश सबटायटल्स लावूनच बघा, उत्तरेकडचे उच्चार कानाला बसायला वेळ लागतो.

डिकन्स शेवटी ठेवा, पात्रं फार असतात. २००५ ची 'ब्लीक हाउस' घ्या, डेव्हिसचीच, जिलियन अँडरसन लेडी डेडलॉक आणि चार्ल्स डान्स तो थंड डोक्याचा वकील. १५ एपिसोड, पहिला तासाचा आणि बाकीचे अर्ध्या तासाचे, कारण मूळ कादंबरी १८५२-५३ मध्ये महिन्याच्या हप्त्यांनी आली होती आणि बीबीसीनेही ती मुद्दाम तशीच, आठवड्याला दोनदा दाखवली. म्हणून ही एका रात्रीत संपवू नका, दिवसाला एक किंवा फार तर दोन एपिसोड, आणि मध्ये घरच्यांशी भांडा की वकिलाला नेमकं काय कळलंय.